गाडी शांत पळवायची असेल तर फक्त पाचवा गिअर बदला

कारंजा लाडजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वीसेक वर्षांपूर्वीची सोळाशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, ताकद शंभर अश्वशक्ती, गिअरबॉक्स पाच गिअरचा, ओढ पुढच्या चाकांना. गाडी जीव लावून जपलेली आहे. पण समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाला टॅकोमीटर इंजिनाचे मिनिटाला ४,२०० फेरे दाखवतो, तासाभरात कान भणभणतात आणि शेजारी बसलेल्या वडिलांशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. मेकॅनिक म्हणतो, 'फायनल ड्राइव्ह बदलून टाकू, गाडी गपगार होईल.' (फायनल ड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाताना लागणारी गरारींची, म्हणजे दातेरी चाकांची, शेवटची जोडी.) बदलावी का? की दुसरा मार्ग आहे? सोबत आकडेही दिलेत: पहिला गिअर ३.५, चौथा १.०३, पाचवा ०.८४, फायनल ड्राइव्ह ४.४, टायर १८५/६० आर १४.

भाऊ, आकडे दिलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येतं. फायनल ड्राइव्हला हात लावू नका. तुमच्या गाडीला पाचवा गिअर तेवढा लांब हवा, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा, ०.७२ गुणोत्तराच्या आसपासचा. खालचे चार आहेत तसेच राहू द्या. आणि गिअरबॉक्स उघडायच्या आधी हा आवाज खरोखर इंजिनाच्या फेऱ्यांचाच आहे का, हे एकदा तपासून घ्या.

आधी हिशेब. तो स्वतः करता आला म्हणजे कोणी काहीही सांगितलं तरी पडताळता येतं. १८५/६० आर १४ टायरचा व्यास साधारण ५७८ मिलिमीटर, म्हणजे घेर १.८१ मीटर. गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून रस्त्यावर एका फेऱ्यात तो साधारण १.७६ मीटर अंतर कापतो. ताशी १२० म्हणजे मिनिटाला २,००० मीटर. भागाकार केला की चाकाचे १,१३६ फेरे येतात. त्याला ४.४ ने आणि मग ०.८४ ने गुणा, उत्तर ४,२०० येतं. तुमचा टॅकोमीटर नेमकं तेच दाखवतोय. यातून आणखी एक गोष्ट कळते, तुमचा क्लच घसरत नाही. पाचव्यात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर वेग न वाढता काटा हिशेबापेक्षा वर पळायला लागला, तर समजायचं की क्लच प्लेट संपत आलीय. तसं असेल तर आधी तो खर्च करावा लागेल. स्पीडोमीटर बहुधा थोडा जास्तच वेग दाखवतो, म्हणून वेग फोनच्या जीपीएसवर बघून घ्या.

आता पाचवा ०.७२ चा केला तर १२० ला ४,२०० चे ३,६०० होतात आणि १०० ला ३,५०० चे ३,०००. फरक १४ टक्क्यांचा. कागदावर किरकोळ वाटतो, पण गाडीत बसलं की जाणवतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. ४,२०० फेऱ्यांना ती घरघर सेकंदाला १४० कंपनांची असते, ३,६०० ला १२० ची, ३,००० ला १०० ची. आवाजाची पट्टी खाली उतरली की कानावरचा ताण कमी होतो.

गाडी बनवणाऱ्यांनी असा आखूड पाचवा का दिला, तेही बघा. ही गाडी आली त्या काळात महाराष्ट्रात सलग वेगाने जाण्याजोगा रस्ता म्हणजे मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, तोसुद्धा २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. बाकी सगळीकडे दोन पदरी रस्ते, समोरून ट्रक, पुढे बैलगाडी. अशा रस्त्यावर शंभर अश्वशक्तीची गाडी चपळ वाटायला हवी असेल तर सगळे गिअर जवळजवळ आणि आखूड ठेवावे लागतात. पाचव्यातूनसुद्धा गाडी झपकन पुढे जायला हवी होती. समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि आता मुंबईच्या अलीकडे आमण्यापर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता खुला आहे. त्यावर कारला १२० ची मर्यादा आहे आणि तासन्‌तास तोच वेग धरता येतो. असा रस्ता त्या गाडीच्या आखणीत धरलेलाच नव्हता. म्हणून तुमच्या गाडीत दोष नाही, पाचव्या गिअरला आता वेगळं काम पडलंय इतकंच.

आता तपासणी. पहिली अशी: सकाळी रस्ता मोकळा असताना, सरळ पट्ट्यावर १०० च्या वेगाला क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटर सोडा. इंजिन आयडलला येईल. चावीला मात्र हात लावू नका, इंजिन बंद झालं तर ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. चार-पाच सेकंद ऐका. जो आवाज उरतो तो टायरचा आणि वाऱ्याचा. समृद्धीचा रस्ता सिमेंट काँक्रीटचा आहे, त्यावर टायर डांबरापेक्षा जास्त गातात. जुने, कडक झालेले टायर तर फारच. इंजिन आयडलला येऊनही आवाज जवळजवळ तेवढाच राहिला, तर गिअरवर पैसे घालून उपयोग नाही. टायर आणि दारांची रबरं बदला.

दुसरी तपासणी जास्त कामाची आहे. तुमच्या सध्याच्या पाचव्या गिअरमध्ये ३,६०० फेरे साधारण १०३ च्या वेगाला येतात. गिअर बदलल्यावर १२० ला इंजिन जसं वाजेल, तसंच ते आज १०३ ला वाजतंय. वारा तेवढा कमी आहे. तर १०३ ला स्थिर वेग धरून दहा मिनिटं चालवा. तिथे गाडी शांत वाटली तर तुमचं काम होणार. पण नेमकं तिथेच 'हूंऽऽ' असं दबलेलं गुरगुरणं कानात बसत असेल, तर गिअर बदलल्यावर तेच गुरगुरणं नेमकं १२० ला येऊन बसेल आणि आजच्यापेक्षा जास्त त्रास देईल. प्रत्येक गाडीच्या पोकळीला एक आवडता सूर असतो, त्या सुरावर एक्झॉस्ट आला की अख्खी गाडी ढोलकासारखी घुमते. शौकाने लावलेला फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा, मोकळा) एक्झॉस्ट असलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. तुमच्याकडे तसा असेल तर आधी मूळचा मधला सायलेन्सर परत बसवून पाहा. मी अशा गाड्यांवर काम केलंय, ज्यांचा निम्मा त्रास सायलेन्सरने आणि दोन नव्या इंजिन माउंटिंगनी गेला आणि गिअरबॉक्स उघडावाच लागला नाही. वीस वर्षांच्या गाडीचं माउंटिंगचं रबर दगडासारखं झालेलं असतं. ते इंजिनाची सगळी थरथर सरळ पत्र्यात पाठवतं.

आता फायनल ड्राइव्ह. मेकॅनिकचं म्हणणं चूक नाही, ती बदलली तर १२० ला फेरे कमी होतीलच. ४.४ ची ३.९ केली तर ४,२०० चे साधारण ३,७२० होतील. पण ती सगळ्याच गिअरना लागते. पहिला, दुसरा, तिसरा, रिव्हर्स, सगळे साधारण तेरा टक्क्यांनी लांब होतात, म्हणजे प्रत्येकाची ओढ अकरा टक्क्यांनी घटते. आणि तुम्ही महिन्यातून किती वेळ समृद्धीवर असता आणि किती वेळ कारंजा–मंगरुळपीर, कारंजा–दारव्हा अशा रस्त्यांवर, हे तुम्हालाच ठाऊक. गावात शिरताना गुरांचा कळप, आठवडी बाजाराची गर्दी, दर दोनशे पावलांवर स्पीड ब्रेकर, पावसाळ्यात काळ्या मातीचा पांदण रस्ता. तिथे पहिला गिअर जितका आखूड तितका चांगला. आयडलवर तुमची गाडी आज पहिल्या गिअरमध्ये साडेपाचच्या वेगाने सरकते, फायनल ड्राइव्ह बदलल्यावर सव्वासहाने सरकेल. हा फरक भरून काढायला तुम्ही अर्धा क्लच धरणार, आणि अर्धा क्लच धरला की प्लेट जळणार. शिवाय या गाडीची मजा आहे ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या ओढीत. सोयाबीनच्या पोत्यांची ट्रॉली पटकन मागे टाकून आपल्या बाजूला परत येता येतं ते त्या ओढीमुळेच. ती अकरा टक्के घालवायची, तीही रोजच्या रस्त्यावर, हे मला पटत नाही.

उतारावर आणि अचानक वेग कमी करताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, तेही गिअर लांब झाले की कमी होतं. संध्याकाळी रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा येतो त्या भागात राहणाऱ्याला याचं मोल सांगायला नको.

पैशाची आणि कामाची बाजूही बघा. फायनल ड्राइव्ह बदलायची तर पूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवून फोडावा लागतो. डिफरन्शियलच्या (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाच्या) बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाचा दाब, शिम (पातळ चकत्या) लावून परत बसवावा लागतो, कारण गरारी बदलली की जुना हिशेब धरून चालत नाही. पाचव्याचं तसं नाही. आडव्या इंजिनाच्या बऱ्याच पाच गिअरच्या गाड्यांत पाचवा गिअर मुख्य केसच्या बाहेर, शेवटच्या झाकणाखाली असतो. मूळ चार गिअरच्या बॉक्सला टोकाला पाचवा जोडलेला, अशी ती रचना. तुमच्या गाडीत तसं असेल तर डावं चाक आणि आतलं प्लास्टिक काढून, गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार देऊन, डावं माउंटिंग सोडलं की झाकण हाताशी येतं. बॉक्स गाडीतच राहतो. एक दिवसाचं काम आहे, मात्र ज्याने हे आधी केलंय अशाच हातून करून घ्यायचं.

गिअर आणायचा कुठून, हा खरा प्रश्न. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याच गिअरबॉक्सच्या घराण्यातली डिझेल गाडी. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर ताकद देतं, म्हणून त्याला कंपनीच लांब पाचवा देते. एकाच कंपनीच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत पुष्कळदा बॉक्सचं केस एकच असतं आणि आतल्या गरारींचे दात तेवढे वेगळे असतात. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट इथल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत असे बॉक्स मिळतात. घेताना चार गोष्टी जुळतात का ते स्वतः बघायचं: शाफ्टचा व्यास, आतल्या खाचा म्हणजे स्प्लाइन किती आहेत, गरारीची रुंदी आणि दातांचा तिरपेपणा. मोबाइलवरच्या फोटोवर विश्वास ठेवून पैसे पाठवू नका. जुना भाग सोबत न्या आणि शेजारी ठेवून जुळवा.

दोन्ही गरारी घ्यायच्या, एक कधीच नाही. दोन शाफ्टमधलं अंतर केसमध्ये कायमचं ठरलेलं असतं. एक गरारी मोठी झाली की दुसरी तेवढी लहान व्हावीच लागते. उदाहरण देतो. इनपुट शाफ्टवर ३७ दात आणि त्यावर चालणारी ३१ दातांची असेल तर गुणोत्तर ०.८४ च्या जवळ येतं, बेरीज ६८. लांब जोडीत ३९ आणि २८ असतील तर ०.७२, बेरीज ६७. अशी जोडी एकाच बॉक्समधून निघालेली असेल तर दात एकमेकांना सरावलेले असतात. एक इथली, एक तिथली अशी जुळवाजुळव केली की पाचव्यात शिट्टी वाजायला लागते, आणि शांततेसाठी केलेल्या खर्चातून नवाच आवाज विकत घेतल्यासारखं होतं. विक्रेता गुणोत्तर सांगेल ते ऐकून घ्या, पण दात स्वतः मोजा.

दुसरा मार्ग गरारी बनवून घ्यायचा. नागपूरजवळ हिंगणा आणि बुटीबोरीला औद्योगिक वसाहती आहेत, हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, त्यामुळे या पट्ट्यात गरारीचं काम जाणणारी माणसं आहेत. राजकोट, कोइम्बतूरकडेही हे काम होतं. पण ट्रॅक्टरच्या आणि कारच्या गरारीत मोठा फरक आहे. ट्रॅक्टरची गरारी जाड असते, सावकाश फिरते, थोडा आवाज झाला तरी वावरात कोणाला ऐकू येत नाही. कारची पाचव्याची गरारी मिनिटाला हजारो फेरे तासन्‌तास फिरते. तिला २०एमएनसीआर५ किंवा एसएई ८६२० सारखं केस-हार्डनिंगचं पोलाद हवं, पृष्ठभाग ५८ ते ६२ रॉकवेल-सी कडक हवा, आतला गाभा चिवट हवा, आणि हार्डनिंगनंतर दात ग्राइंड केलेले हवेत, कारण भट्टीत दात थोडे तरी वाकतात. यातलं शेवटचं काम महाग असतं आणि तिथेच लोक पैसे वाचवतात. जो कारागीर 'ग्राइंडिंगची गरज नाही, हॉबिंग करून (दात कापून) हार्ड करून देतो' म्हणेल, त्याला नमस्कार करून निघा. एकाच गाडीसाठी एकच जोडी बनवायची तर खर्च बहुधा जुन्या अख्ख्या बॉक्सच्या वर जातो, म्हणून हा मार्ग डिझेलचा भाग जुळतच नसेल तरच धरा.

बसवताना काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक असावं, शेजारी उभं राहता येईल. शाफ्टच्या टोकाचा नट फार घट्ट असतो आणि त्याची कड पंच करून खाचेत बसवलेली असते. तो सोडायला शाफ्ट जाम करावा लागतो. त्यासाठी लिव्हरने एक गिअर आणि हाताने पाचव्याचा स्लीव्ह, असे दोन गिअर एकदम टाकतात, म्हणजे शाफ्ट फिरत नाही. जुनी गरारी पुलरनेच निघाली पाहिजे. नवी बसवायच्या आधी तेलात किंवा ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर गरम केली की सहज सरकते. गॅसच्या ज्योतीने तापवू नका, कडकपणा जातो. हातोडीने ठोकू तर अजिबात देऊ नका. तो मार सरळ आतल्या बेअरिंगवर जातो आणि दोन महिन्यांनी बॉक्स घोंघावायला लागतो. नट नवा घ्यायचा, नीट पंच करायचा. झाकण उघडलंच आहे तर पाचव्याची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर खरखर न करता पडावा म्हणून असलेली रिंग, बघून घ्या. रिंग गरारीच्या निमुळत्या भागावर हाताने दाबून धरली की रिंग आणि गरारीच्या दातांत फट दिसते. नव्या रिंगला ती साधारण एक मिलिमीटर असते. अर्ध्याच्या खाली गेली असेल तर बदलाच, मोठी फोडाफोड न करता बदलायची संधी परत मिळत नाही.

०.७२ च का, आणखी लांब का नको? कारण चौथ्या आणि पाचव्यात पडणारी फट. आज चौथ्यातून पाचव्यात टाकलं की फेरे १८ टक्के खाली येतात. ०.७२ ला ही घट ३० टक्के होते. ८० च्या वेगाला चौथ्यात ३,४३० फेरे असतील आणि पाचव्यात पडले की २,४००. हे पचतं. ०.६५ चा घातलात तर घट ३७ टक्के, ८० ला पाचव्यात २,१७० च्या आसपास. तुमच्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत आहे, एवढ्या खाली ते ओढत नाही, रडतं. मग तुम्ही सारखे चौथा-पाचवा करत बसाल.

ताकद पुरते का, तेही मोजून बघा. अशा आकाराच्या गाडीला सपाट रस्त्यावर १०० च्या वेगाला साधारण १६-१७ अश्वशक्ती लागते आणि १२० ला २६-२७. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने, म्हणून वीसच्या फरकाने एवढी उडी पडते. ३,६०० फेऱ्यांवर तुमचं इंजिन याच्या दुपटीहून जास्त देऊ शकतं. म्हणजे नव्या पाचव्यात १२० ला एकटे असाल तर सहा-सात टक्क्यांचा चढसुद्धा खाली न येता निघेल, चार माणसं आणि सामान असेल तर पाचेक टक्क्यांचा. आपल्याकडे नागपूरपासून बुलढाणा जिल्ह्यापर्यंत तुम्हाला फारसं जाणवणार नाही. इगतपुरीकडच्या घाटात चौथा टाका, तो त्यासाठीच जसाच्या तसा ठेवलाय. 

आमच्याकडच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, इंजिनात जाणारी हवा त्याहून तापलेली असते. अशा वेळी कमी फेऱ्यांवर जास्त ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल इंजिन नॉक करतं, टकटक असा पत्र्यावर खडे आपटल्यासारखा आवाज येतो. लांब गिअर घातल्यावर हाच मोठा धोका आहे, कारण चालवणारा आळशी होतो आणि साठच्या वेगाला पाचव्यात ठेवून पाय दाबतो. साठला नव्या पाचव्यात फक्त १,८०० फेरे असतील. जोर हवा असेल तर उन्हाळ्यात फेरे २,५०० च्या खाली असताना पाचव्यात पाय दाबायचा नाही, चौथा टाकायचा. दारव्ह्याच्या रस्त्याला साठ-सत्तरने जाताना पाचवा विसरूनच जा. त्याला महामार्गाचा गिअर समजा. टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांनी तर हे जास्तच पाळावं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त दाब आला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टन तुटू शकतो. तसंही त्या गाड्यांना कंपनीचेच गिअर पुरेसे लांब असतात, तिथे हा उद्योग करू नये.

पेट्रोल किती वाचेल, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण घरचे विचारतील. फेरे १४ टक्के कमी झाले म्हणजे पेट्रोल १४ टक्के वाचत नाही. हवा कापायला लागणारी ताकद तेवढीच राहते, इंजिनातलं घर्षण आणि अर्धवट उघड्या थ्रॉटलमधून हवा ओढण्याचा खर्च तेवढा कमी होतो. महामार्गावर पाच ते आठ टक्के वाचतात, असा माझा अंदाज आहे. लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी नागपूर ते मुंबई पन्नास लिटर पिते, त्यात तीनेक लिटर वाचतील. खर्च त्यातून निघायला वर्षं जातील. कानांसाठी आणि वडिलांशी गप्पांसाठी करा, पेट्रोलसाठी करू नका.

टायर मोठा घालून हेच साधता येईल का, तर थोडंच. १८५/६५ घातला तर व्यास तीन टक्क्यांनी वाढतो आणि ४,२०० चे ४,०७० होतात. कान तेवढ्याने शांत होत नाहीत. त्यापुढे गेलात तर टायर फेंडरला घासतो, वळणावर गाडी जास्त झुकते, स्पीडोमीटर खोटं बोलतो. मूळ मापच ठेवा. मात्र टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गावच्या उन्हात उभी राहणारी गाडी असेल आणि टायर सहा वर्षांवर गेला असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, त्या टायरवर समृद्धीवर १२० ने जाऊ नका. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा. गरम टायरमधली हवा कमी करणं हा आपल्याकडचा फार वाईट रिवाज आहे. दाब कमी झाला की टायरची बाजू जास्त वाकते, आणखी तापते आणि फुटते.

ज्यांच्याकडे मागच्या चाकांना ओढ असलेली गाडी आहे, जुनी काँटेसा म्हणा किंवा तसली दुसरी, त्यांच्यासाठी उत्तर थोडं बदलतं. तिथे मागच्या हाऊसिंगमधला क्राऊन-पिनियन, म्हणजे तिथली फायनल ड्राइव्हची जोडी, बदलणं सोपं वाटतं आणि ट्रकवर काम करणारे आपले मिस्त्री ते आत्मविश्वासाने करतात. पण क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली जोडी असते, ती फोडायची नाही. पिनियनची खोली आणि दातांमधला प्ले (मोकळीक) डायल गेजने मोजूनच बसवायचा. कारमध्ये हा प्ले मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून पाचव्या हिश्शापर्यंत असतो, हाताच्या अंदाजाने तो कळत नाही. दातांना निळा रंग लावून ठसा मध्यभागी उमटतो का ते बघायचं. आणि त्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटीतून निघते, त्यामुळे क्राऊन-पिनियन बदलला की स्पीडोमीटर चुकतो. तुमच्या गाडीत ही अडचण नाही. वेग डिफरन्शियलवरून किंवा चाकावरून घेतला जातो, पाचवा बदलून तो हलत नाही.

कागदपत्रांचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं. आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, इंधन, आसनं असतात, गिअरचं गुणोत्तर नसतं. तरी भागांच्या पावत्या जपून ठेवा आणि विमा कंपनीला एक ओळ लिहून कळवा.

शेवटी तेल, कारण चांगलं झालेलं काम इथे मातीत जातं. तालुक्याच्या दुकानात गिअर ऑइल मागितलं की ट्रॅक्टरचं नव्वद नंबरचं ईपी ऑइल हातात देतात. ते तुमच्या बॉक्ससाठी नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल घ्या. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या अशा बॉक्सना सहसा जीएल-४ प्रतीचं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० लागतं. जीएल-५ मधले जास्तीचे गंधकयुक्त घटक पितळ खाऊ शकतात, मागच्या हाऊसिंगच्या क्राऊन-पिनियनला मात्र तेच हवं असतं. पातळी भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत, गाडी सपाट जागी उभी करून भरा. झाकणाखालचा पाचवा बॉक्समध्ये सगळ्यात टोकाला असतो, त्याला तेल शिंतोड्यांनीच मिळतं. पातळी थोडी जरी उतरली तरी पहिला तोच जळतो, आणि आता तुम्ही तासन्‌तास त्याच गिअरवर राहणार आहात. ड्राइव्हशाफ्टचे सील पाझरत असतील तर याच कामात बदलून टाका.

पहिले पाचशे किलोमीटर पाचव्यात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका, वेग थोडा वरखाली ठेवा. मग तेल काढून चुंबकाच्या प्लगवर काय आलंय ते बघा. करड्या चिखलासारखी बारीक पूड असेल तर ठीक. बोटाला टोचणारी चकती किंवा दाताचा तुकडा दिसला तर गाडी तिथेच थांबवा आणि झाकण परत उघडा. काढलेली जुनी जोडी तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा. पुढे गाडी विकायची झाली तर ती हवी म्हणणारं गिऱ्हाईक भेटतंच. आणि डिझेलचा बॉक्स बघायला जाल तेव्हा दात मोजून, स्प्लाइनचा फोटो मापपट्टीसह काढून मला पाठवा, पैसे देण्याआधी जुळतं का ते सांगतो.